पाळण्याचं वजन

धरणाचं पाणी सुटल्यामुळे भर चैत्रातही धबधबा पांढराशुभ्र कोसळत होता. जत्रेतल्या उंच पाळण्यात एकटीच बसून ललिता तो डोळे भरून पाहत होती.

"मलाबी वरून धबधबा दाव ना," सासूबाई गेल्या जत्रेत म्हणाल्या होत्या. "लोक हसतील, आत्याबाई," म्हणत तिनं त्यांना घरी नेलं. दिवाळीआधीच त्या वारल्या.

दाखवायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं आणि तिचा पाळणा खाली येऊन अडला.

हातानं पाळणा फिरवणाऱ्या वाल्मीकनं जोर लावला. "वर जाईना! समोर अजून एक जण बसवा रे, हिकडं वजन लय झालं."

"दादा, मी एकटीच आहे."

"चढताना एकट्याच व्हत्या, ताई."

ललितानं शेजारी पाहिलं नाही. धबधब्याकडची जागा सोडून ती जराशी सरकली.

ती मोकळी फळी सावकाश दबली.