दिव्याखालच्या तीन ओळी

मुकुंद शेवंतीच्या ओळींमधून दोनदा फिरला. सौंसरच्या नाक्यावर यंदा विजेचा दिवा लागला होता. त्याच्या उजेडात येणाऱ्या तीन ओळी हिरव्यागार होत्या, पण कळी एकीवरही नव्हती. पलीकडच्या ओळी कळ्यांनी वाकल्या होत्या.

"या तीन माह्या हातच्या," विजया म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. "आत्याबाई म्हणतात, जिची कूस कोरडी, तिच्या हातचं झाडही तसंच. ऐकून ऐकून थकली जी मी."

"तुमच्या हाताचा काही संबंध नाही. शेवंतीला सलग अंधार लागतो. तो पुरेसा मिळाला की पान आतून हुकूम सोडतं, कळी धर म्हणून. इथे रात्रभर उजेड. हुकूमच सुटत नाही."

"मंग दिवा बंद करा न."

मुकुंद बांधावर बसला. तो शेतीखात्यातला. महिन्यापूर्वी भाषावार राज्यरचना होऊन राज्यं बदलली. सौंसर भोपाळकडे गेलं, त्याला मुंबई राज्यात, नागपूरला जायचं होतं. आजच, बाराच्या बसने.

"दिवा बंद करायचा अर्ज आता कोणत्या सरकारकडे करायचा, मलाही ठाऊक नाही. तुम्ही एका ओळीवर काठ्या रोवून पोती टाका. दिवस मावळला की झाकायचं, उजाडलं की काढायचं. तीन आठवडे."

"हे घरी येऊन आत्याबाईले सांगता काय?"

त्याने घड्याळ पाहिलं. मग उठून तिच्यामागे गेला. बस चुकली.

विजयाच्या सासूने, देवकाबाईंनी, सारं ऐकून घेतलं. "झाडाले काय समजते अंधार-उजेड," एवढंच बोलल्या.

विजया रोज संध्याकाळी पोती टाकत राहिली. सकाळी दवाने भिजलेली पोती उतरवताना खांदे भरून येत. बाविसाव्या सकाळी झाकलेल्या ओळीवर कळ्या दिसल्या, मुगाएवढ्या. शेजारच्या दोन ओळी तशाच कोऱ्या.

तिने सासूला बोलावून आणलं. देवकाबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आजपासून बाकीच्या दोन ओळींवरही टाकत जाय."

विजयाने ओल्या पोत्यांचा ढीग त्यांच्या पायाशी ठेवला.

"टाकीन. वाळत मात्र तुम्ही घाला, आत्याबाई." ती बांधावर जाऊन बसली.

देवकाबाईंनी एक पोतं उचललं. ते त्यांना वाटलं होतं त्याहून जड होतं.