भर तळ्यातला फोटो

घडी घालून पिशवीत मावणारी ती कयाक, म्हणजे छोटी होडी, मला ती बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांनीच भेट दिली होती. रविवारी भर तळ्यात तिच्या सांगाड्याची प्लास्टिकची क्लिप तुटली, कयाक छत्रीसारखी मिटली आणि मी लेकीला पाठीवर घेऊन कसाबसा पोहत काठाला लागलो. काठावर ठेवलेल्या पिशवीतून फोन काढला; मालक उचलेनात, म्हणून ओल्या कपड्यांनिशीच ग्राहक सेवेला फोन लावला.

वीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई बोलल्या, "सर, तुटलेल्या क्लिपचा फोटो पाठवा."

"कयाक तळाशी गेलीय हो. पोरगी बुडता बुडता वाचली!"

"फोटोशिवाय तक्रार घेता येत नाही, सर."

पोरगी कशी आहे, हे विचारायचं त्यांच्या कागदावर लिहिलेलं नसावं.

"आणि आमची क्लिप तुटतच नाही," बाईंचा आवाज चढला. "जोडताना तुम्हीच घाई केली असणार. आमची वेबसाइट उघडा. पहिल्याच फोटोत आमचे साहेब स्वतःच्या मुलाला पुढ्यात बसवून भर तळ्यात वल्हं मारतायत. खात्री नसती तर पोटच्या पोराला घेऊन बसले असते का?"



"बाई, तो फोटो मीच काढलाय, मुलाला सर्दी आहे म्हणून तुमच्या साहेबांनी कयाक ऑफिसच्या गच्चीवर मांडायला लावली होती, तळं मी नंतर कॉम्प्युटरवर घातलं."