राहिलेला झोका

प्रयोगशाळेच्या छताला टांगलेला लोखंडी गोळा चिमणीने हनुवटीला टेकवला.

"नुसता सोडायचा, ढकलायचा नाही," बाईंनी पुन्हा बजावलं. "सोडलेला गोळा नाकाला लागत नाही. ढकललेला लागतो."

"माझं नाक तसंही चपटंच आहे, बाई!" म्हणत चिमणीने तो ढकललाच.

बाईंच्या काळजात धस्स झालं. त्या धावल्या, पण गोळा आधीच परत फिरला होता, थेट तिच्या तोंडावर.

नाकापासून बोटभर अंतरावर तो थांबला. दोरी तिरकी, ताठ. गोळा हवेत तसाच.

बाईंनी चिमणीला बाजूला ओढून पोटाशी धरलं.

"लागलं नाही ना गं?"

"नाही, बाई."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठे गोळा हलला आणि चिमणीचं तोंड होतं तिथून सूं करत पुढे गेला.