शेवटच्या सुरानंतर

काचेमागच्या खोलीत बसून तो रविवारी दुपारच्या मैफलीचं रेकॉर्डिंग करत होता. बायको समोर तिसऱ्या रांगेत बसली होती. व्हायोलिनवादकाने वाद्यवृंदाच्या साथीने चाललेल्या कॉन्सर्टोचा शेवटचा सूर असा काही लावला, की वीस वर्षं याच कामात मुरलेल्या त्याच्याही अंगावर काटा आला. मग वादकाने गज खाली घेतला. वाद्यवृंदही थांबला.

टाळी मात्र एकही पडली नाही.

लोक डोलतच होते. कुणी डोळे पुसत होतं, कुणी मांडीवर ताल धरला होता. त्याने हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला. त्यात फक्त लोकांचे श्वास ऐकू येत होते.

तो धावत खाली गेला आणि बायकोच्या खांद्याला हात लावला. "अगं, ऊठ. संपलं."

"शूः! अहो, आता तर कुठे रंगात आलंय," ती पुटपुटली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

मंचावर वादक गोंधळून उभा होता. त्याने मान कलती करून कान दिला. मग व्हायोलिन काखेत धरून तो पायऱ्या उतरला आणि रेकॉर्डिंगवाल्याच्या बायकोशेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

"मला हे जन्मात जमलं नसतं," वादक हळूच म्हणाला.

"कोण वाजवतंय?" रेकॉर्डिंगवाला ओरडला. "अहो, तुमच्या जागी आहे कोण?"

एकानेही मान वळवली नाही.

तेवढ्यात वाद्यवृंदाच्या संचालकाने वादकाच्या मोकळ्या जागेकडे अदबीने पाहिलं आणि हात उंचावले. चाळीस गज एकदम तारांवर टेकले, आणि वाद्यवृंद साथ देऊ लागला.