माँग सरांची हजेरी

इतिहासाचे माँग सर वारले आणि त्यांच्या लेखांची, व्याख्यानांच्या टेपची खोकी विद्यापीठाच्या अभिलेखागारात सोल-आच्या टेबलावर आली. वर्गातल्या प्रत्येकानं ओ दिल्याशिवाय सर कधी शिकवायला सुरुवात करत नसत.

तिनं टेप लावली. टेप तिच्या जन्माच्याही आधीची होती. सर एकेक नाव घेत होते, मुलं ओ देत होती.

"यॉम सोल-आ."

वर्ग गप्प.

"ताई, माझं नाव घेतलं!"

"अगं, असेल दुसरी कुणी," शेजारच्या टेबलावरची बाँग-हीताई हसली. "नाहीतर दे ओ, म्हणजे म्हातारा पुढं सरकेल."

"यॉम सोल-आ," सरांनी पुन्हा पुकारलं.

सोल-आनं टेप बंद केली. तरी टेप फिरतच राहिली. तिनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

"हजर, सर," टेपमधून तिचाच आवाज आला.