देवमनचे जोडे

"काका, एकडाव पायात घालून तं पाहा," म्हणत हरीओमनं खोका पुढं सरकवला.

इंद्रभाननं आधी इकडंतिकडं पाहिलं. रिसोडच्या एसटी स्टँडवर केनवडचं कुणी दिसत नव्हतं. देवमनच्या पोराजवळ बसलेला दिसला असता, तर गावाला आठ दिवस विषय पुरला असता.

बारा वर्षांपूर्वी एका धुऱ्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. शेताची हद्द हातभर इकडं सरकली, एवढंच निमित्त. तेव्हापासून घरात देवमनचं नाव काढायचं नाही, असा इंद्रभानचा हुकूम होता, आणि बायको रुपाबाईनं तो इमानानं पाळला होता. दोन महिने तो सुरतेला लेकीकडं होता. परवा रुपाबाईचा फोन आला. "निघून या. काम हाये. फोनवर नाई सांगता येत," एवढंच बोलून तिनं ठेवला. सोयाबीनचं काहीतरी असेल, असं धरून तो निघाला. केनवडच्या जीपची वाट पाहत असताना हरीओम समोर आला आणि वाकून पाया पडला. "आले तुमी काका, लय बरं झालं," म्हणाला. आवाज बसलेला होता. पुण्याची हवा, दुसरं काय.

पुण्यात हरीओम गोल्फच्या मैदानावर गवताची देखभाल करायचा. तिथले साहेब लोक घालतात तसे दोन जोडे त्यानं आणले होते. शेजारी बाकावर नवी गादी वळकटी करून ठेवलेली होती. नवी छत्री होती, चकचकीत पितळी तांब्या होता. इंद्रभाननं एकेक वस्तू डोळ्यांनी मोजली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

"येवढं सारं तुह्या बापासाठी?"

"हो काका. काई कमी नाई पडू देनार."

प्रज्वल, इंद्रभानचा स्वतःचा मुलगा, नागपूरला नोकरीला होता. त्यानं बापाला आजवर साधी सपातही आणली नव्हती. आणि देवमनला गोल्फचे जोडे! विहिरीला पाणी त्याच्याच, पोरगंही त्याचंच गुणाचं. देवानं वाटप करताना इंद्रभानकडं पाठ केली होती, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"मंग मले कायले घालाले लावतं?"

"तुमचा अन् बाबाचा पाय एकच ना? बाबा नेहमी सांगे."

ते खरं होतं. शाळेत असताना दोघांत मिळून एकच कॅनव्हासचा जोड होता. एक दिवस देवमन घालायचा, एक दिवस इंद्रभान. दुसरा अनवाणी चालायचा, आणि बोरीच्या काट्यांची वाट आली की घालणारा दुसऱ्याला पाठंगुळी घ्यायचा.

त्यानं करडा जोड उचलला. इतका हलका की हातात काही आहे असं वाटेना. वरून जाळी, खाली रबराच्या बारीक गाठी, काळ्या चिखलातसुद्धा घसरू न देणाऱ्या. पाय आत गेला आणि इंद्रभानचे डोळे आपोआप मिटले. वर्षानुवर्षं ठणकणारी टाच कुणीतरी तळहातावर झेलावी, तसं वाटलं.

हे सुख देवमनला मिळणार होतं. सकाळी हे घालून तो पारावर येणार, पाय पुढं करून बसणार, आणि चार जण विचारणार, कुठून आणले हो?

"हा ढिला होते," इंद्रभान म्हणाला. "टाच निसटते."

"खरंच? मले तं हाच बरा वाटला होता."

"दुसरा दे."

दुसरा पांढराशुभ्र होता. दिसायला देखणा, पण पुढून चिंचोळा. घालताच करंगळी दाबली गेली. इंद्रभान उठला, चौकशीच्या खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. दहा पावलांत डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. तो हसला.

"हा घे. एकदम बराबर."

"चालतानी लागत तं नाई ना काका? वाट लांब हाये."

"अरे, लोण्यासारखा हाये."

"पक्कं? मांगून बदलता येत नाई."

"सांगून राह्यलो ना तुले! माह्यापेक्षा त्याचा पाय तुले जास्त समजते का?"

हरीओमनं मान डोलावली. पुण्याला निघालेल्या गाडीत त्याचा मित्र किशन बसलेला होता. करडा जोड खोक्यात घालून हरीओमनं खिडकीतून त्याच्याकडं दिला आणि दुकानात परत करायला सांगितलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत इंद्रभान तिच्याकडं पाहत राहिला. बारा वर्षांत इतकं मोकळं त्याला वाटलं नव्हतं. देवमन आता पावलोपावली कण्हणार होता, आणि कुणाला सांगताही येणार नव्हतं, पोरानं एवढ्या हौसेनं आणलेले जोडे चावतात म्हणून.

तो पांढरे जोडे काढायला वाकला.

"राहू द्या ना, दोन मिनिटं बसा," हरीओम शेजारी टेकला. घाम पुसायला त्यानं डोक्यावरची टोपी काढली. डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं.

इंद्रभान वाकला होता तसाच थांबला.

"काकीनं सांगितलंच असन तुमाले," हरीओम म्हणाला. "परवा तेरवी हाये बाबाची. गादी, छत्री बामनाले देऊ. पन जोड्याचं बाबा जातानी सांगून गेले. म्हने, माह्ये जोडे इंद्रभानच्याच पायात घालजा. तो घालून चालला, का वरच्या वाटेनं मले पोचते." त्यानं टोपीनं डोळे पुसले. "म्हनून तं घडीघडी इचारत होतो काका. लागत तं नाई ना?"