कडी वाजतीया

फेफरं यायच्या आधी सहादेव दाराकडं बघून म्हणायचा, "आई, कडी वाजतीया." गोजरबाईला कधी काही ऐकू यायचं नाही. दारातली चप्पल उचलून ती आपल्या तरण्या पोराला हुंगवायला धावायची.

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी गार्डिनलच्या गोळ्या सुरू केल्या आणि फेफरं थांबलं. चप्पल पुन्हा चपलेच्या जागी गेली.

आज भर दुपारी सहादेव भाकरी खात बसला होता. दार सताड उघडं होतं, बाहेर चिटपाखरू नव्हतं.

कडी वाजली.

गोजरबाईनं दचकून पोराकडं पाहिलं.

"काय गं आई?"

"काय न्हाई. जेव तू."

त्याला ऐकूच आलं नव्हतं! तिचा जीव भांड्यात पडला.

कडी पुन्हा वाजली. गोजरबाईनं हळूच चप्पल स्वतःजवळ ओढून घेतली.